सोडणाऱ्याला जोडीदार

"एकट्याच्यानं व्यसन सुटत न्हाई, स्वप्ना. त्याच्यासंगं तू बी काय तरी सोड. चहा सोड," सासूबाई म्हणाल्या होत्या.

मी तान्ह्या प्रतीक्षाच्या छातीला शेक देत होते. "सिगरेट ओढतात ते, आई, आणि चहा मी का सोडू?" म्हणून हसले.

मी बी.ए. झालेली. उपाय वाचलेले होते. खिशात बडीशेप, डब्यात लवंगा. काडेपेटी तर दोनदा बादलीत बुडवली, लेकीची शपथही घातली. तरी आमचे हे, धम्मपाल, जेवल्यावर परसात जाऊन ओढून यायचेच. पोर त्यांच्या सदऱ्याला बिलगली की घरघरायला लागायची.

मग अचानक त्यांची सिगरेट सुटली. पोरीचा श्वास मोकळा झाला. घरात दुसऱ्या कोणाला श्रेय द्यावं असं दिसेना, म्हणून स्वतःलाच दिलं.

जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून वार्निश देण्याचं, मोटार रिवायंडिंगचं त्यांचं दुकान पेठला, पुणे-नाशिक हायवेलगत. एकदा ते डबा विसरले, म्हणून आमच्या निरगुडसरहून पोरीला घेऊन मी एसटीनं गेले. ओट्यावर शेजारच्या दुकानातली, ब्लाऊज शिवणारी अंजना माझ्या नवऱ्याची बोटं धरून नाकाशी नेत होती.

"निसता वार्निशचा वास. पास झालास, राव!"

"आता तू दात दाव."

तिनं ओठ फाकवले. तंबाखूच्या मिसरीनं काळवंडलेल्या हिरड्या, पण दात उजळू लागलेले.

"सकाळी लई आठवण आली रं."

"मग पत्रा का न्हाई वाजवला?"

दोन्ही दुकानांमध्ये पत्र्याचीच भिंत. तलफ आली की वाजवायची, दुसऱ्यानं बाहेर यायचं.

मला पाहून ती हसली. "या वहिनी! नवरा टाकून गेला, पर मिसरी काय जाईना. ह्यो म्हनला, संगं सोडू."

मी त्यांना 'अहो' म्हणते. ती 'अरे' म्हणत होती.

घरी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्याकडं सोडायला काय व्हतं?"

दुसऱ्या दिवशी मी चहा सोडला. डोकं ठणकायचं. कुठला पत्रा वाजवणार?

पुढं त्यांना चाकणला कंपनीत नोकरी लागली, दुकानाला कुलूप पडलं. आता संध्याकाळी त्यांची बोटं मी हुंगते. ते निमूट हात पुढे करतात. कधी जेवता जेवता डाव्या हाताची बोटं लोखंडी कपाटावर वाजतात. मग थांबतात.

ती मात्र पत्र्यापलीकडे एकटीच. मी जाणार नाही. माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही नाशिकच्या वाटेवर पेठला उतरलात, तर अंजनाच्या दुकानात डोकावा. काही विचारू नका. नुसतं तिला हसवा आणि दात बघा.

कसे आहेत ते मला कळवा. यांना नको.