मान मोकळी करणारा हात

धाकट्याला उजव्या हातात चमचासुद्धा धरवत नव्हता, आणि आता तर धरावासाही वाटत नव्हता. वय बत्तीस. डावी पापणी अर्धी उतरलेली, जीभ जड. एकेक शब्द ओढून काढावा लागे.

सकाळी डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या, "मेंदूकडे जाणारी मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलीय. तिथं गुठळी झाली, ती वर गेली. तरुणांतही होतं असं. पडलात कुठे? मानेला झटका बसला?"

"नाही," तो म्हणाला होता. तेवढा शब्द सुटसुटीत आला. पायाशी दादा उभा होता ना. बाप गेल्यावर धाकट्याच्या हातात कात्री देणारा दादा.

दोघा भावांचं केस कापायचं दुकान. केस धाकट्यानं कापायचे आणि शेवटी दादानं गिऱ्हाइकाची हनुवटी धरून मान कटकन मोडायची. त्या एका आवाजासाठी लोक लांबून येत. दुकान बंद करताना दादा धाकट्याचीही मोडून द्यायचा, मायेनं. मंगळवारी मोडली तेव्हापासून मान ठणकत होती. गुरुवारी हातातून वस्तरा गळाला.

संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या आजींचा जावई खुर्चीत कण्हू लागला. "या खुर्चीत मानेचं पार लाकूड झालं हो."

"एवढंच ना?" चार दिवसांत पहिल्यांदाच दादाच्या अंगात जीव आला. "सोडा मान ढिली. असे ताजे व्हाल की बायको ओळखणार नाही!"

"नाही ओळखलं तर सुटलोच," म्हणत जावयानं डोळे मिटले.

दादाचा तळवा त्याच्या हनुवटीखाली गेला.

धाकट्याला वाटलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहावं. आपल्याला बोलता येत नाही, कोण विचारणार आहे?

"दा... दादा. सोड."

"तू पड रे गप."

"मंगळवारी. माझी. तू." त्यानं डावा हात मानेला लावला. "त्यानं... फाटली."

"डॉक्टरीणबाई तसं कुठं म्हणाल्या?"

"त्यांना... मी... खोटं."

दादानं त्याच्या पापणीकडे पाहिलं, मग चादरीवर पडलेल्या हाताकडे. "मला का नाही बोललास?"

धाकट्याकडे उत्तर होतं, पण फार लांबलचक होतं.

"अहो, उरका की," जावई पेंगत म्हणाला.

दादानं हात काढून घेतले. कुठे ठेवावेत ते न सुचून काखेत दाबून धरले.

"उठा, पाहुणे," तो म्हणाला. "मला हे येत नाही."