काशिरामअण्णांकडची उमेदवारी

काशिरामअण्णांकडे उमेदवारी करायची म्हणजे डोक्याची मंडई करून घ्यायची. अण्णा पनवेलातले विमा एजंट. लाकडाच्या वखारवाल्याला म्हणाले, विमा घ्याच. शाळामास्तरांना म्हणाले, विमा राहू द्या, आधी पोस्टात पैसे टाका. तिसऱ्या एकाला तर चक्क घराची कौलं बदलायला सांगितली. इतके दिवस मागे मागे फिरूनही कमळाकरला यातला नियम काही सापडेना. विचारलं की अण्णा म्हणत, "ऐकत जा." काय ऐकायचं, ते मात्र सांगत नसत.

महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या हिमतीवर एक गिऱ्हाईक आणलं नाही, तर मामाच्या भुसारी दुकानात तराजू धरायचा, असं घरी ठरलं होतं. तराजू परवडला, मामाचं बोलणं नको. म्हणून कमळाकरने उरणची एस.टी. धरली आणि मोरा बंदरावर धर्मराज कोळ्याच्या घरी जाऊन बसला. पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. धर्मराज जाळं विणता विणता प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होता. त्याची बायको ठमाबाई कोपऱ्यात सुकी मासळी निवडत होती. कमळाकर हरखून परत आला.

"ठमाबाई काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

"त्यांना कुठे विचारलं?"

"मग धर्मराजाला तरी कशाला विचारलंस? मासळी तो आणतो, विकते ती, आणि पैसा तिच्याच कनवटीला. जा परत."

दुसऱ्या दिवशी ठमाबाईने त्याला बसायला पाट दिला.

"यो समद्यांनाच व्हय बोलतो," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "आता मला सांग. यो दर्यावरशी नाय आला, तं मी मासळी इकीन, पोरांना जगवीन. पन मीच मेले, तं याचा काय? याला बाजार ठावं नाय. माजा इमा करशील काय?"

धर्मराजाच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. कमळाकर पार गोंधळला. पाठ केलेल्या सगळ्यात मरणारा पुरुषच होता. ठोकून द्यावं काहीतरी, असं मनात आलंही. पण धर्मराजाकडे बघून जीभ रेटेना.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "अण्णांना विचारून सांगतो." झालं, तराजू नशिबी आला, असं त्याला वाटलं.

"मंग इचारून ये. बुदवारी मी घरीच हाय."

पनवेलला येऊन त्याने पडल्या चेहऱ्याने सांगितलं, "गिऱ्हाईक काही मिळालं नाही, अण्णा. बुधवारी परत ये म्हणाली."

"मग मिळालं की, गाढवा."

कमळाकरला हेही कळलं नाही. अण्णांनी खुर्ची जवळ ओढली, दोन चहा सांगितले आणि म्हणाले, "ती काय म्हणाली, शब्द न् शब्द सांग."

त्याला शब्द न् शब्द आठवत होता. थांबलेली सुईसुद्धा.