आईचे कान आणि सहाशे ओहम

चुका ऐकणं हेच माझ्या आईचं काम आहे. बोलकी पुस्तकं असतात ना, कुणीतरी बसून अख्खी कादंबरी मोठ्याने वाचतं, त्याचं रेकॉर्डिंग आधी आईकडे येतं. वाचणाऱ्याची खुर्ची करकरली, जीभ टाळूला चिकटून 'टच्' झालं, पान उलटल्याचा आवाज आला, की आई पेन्सिल उचलते आणि तिथे खूण करते. घरात याचा त्रास आम्हाला. बाबा आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडतात आणि आई बाहेरून विचारते, "तिसरं ना?"

म्हणून बुधवारी जेवताना ती मला म्हणाली, "तू हल्ली इतकं हळू का बोलतेस?" तेव्हा बाबांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. मला आजपर्यंत हे कुणीही म्हटलेलं नाही. शाळेत बाई मला माइक देत नाहीत, गरजच पडत नाही.

"ही हळू बोलते?" बाबा म्हणाले. "हिने नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं तरी शेजारचे उठून बसतात."

आई हसली नाही. जेवण झाल्यावर तिने लॅपटॉप उघडून आम्हाला दाखवलं. एका महिन्यात तिच्या दोन फायली परत आल्या होत्या. ऑफिसातल्या मुख्य बाईंनी लिहिलं होतं, 'ऐकणाऱ्यांच्या तक्रारी आल्या आहेत. दोन ठिकाणी खुर्ची आणि एका ठिकाणी टचटच सुटली आहे. तुमच्याकडून असं कधी होत नाही.' तिसरी फाईल परत आली की आईचं ऐकण्याचं काम जाणार आणि तिला वेळापत्रकाच्या टेबलावर बसवणार. कुठला वाचक कधी येणार, कुठली खोली रिकामी, असलं काम. एकोणीस वर्षं कानांनी काम केलेल्या बाईला.

"कामाचं एक वेळ राहू दे," आई म्हणाली. "आजोबांचं असंच सुरू झालं होतं. ते म्हणायचे, लोक पुटपुटायला लागलेत."

आजोबा म्हणजे आईचे वडील. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे कान गेले. मला ते आठवतात ते टेबलाच्या टोकाला बसलेले, सगळे हसले की एक क्षण उशिरा हसणारे. आई आता त्रेचाळीस वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी वहीच्या मागे पंचेचाळीस वजा त्रेचाळीस असं दोनदा लिहिलं.

पण माझा स्वभाव असा की नुसतं घाबरून बसायला मला जमत नाही. गुरुवारी शाळेतून आले तर आई कामाला बसलेली, डोळे मिटलेले आणि हेडफोन दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबून धरलेला. लॅपटॉपचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवलेला. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा स्टुडिओ बंद झाला आणि सगळ्यांना घरून काम आलं, तेव्हा हा जुना, जाडजूड हेडफोन ती घरी घेऊन आली होती. ती चहा करायला उठली तेव्हा मी तो हातात घेतला. आतल्या पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: ६०० ओहम.

माझ्या इअरफोनच्या खोक्यावर बत्तीस लिहिलंय.

मी किंचाळलेच असते, पण मी आता मोठी झाले आहे, म्हणून फक्त स्टुलावर चढले. "आई, तुझे कान ठीक आहेत. या हेडफोनचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, प्रचंड आहे. स्टुडिओत तो कशाला जोडायचीस?"

"त्या मोठ्या टेबलाला. बटणंच बटणं असलेल्या."

"आणि आता या चिमुकल्या लॅपटॉपला. याच्यात तेवढा दमच नाही. या हेडफोनला ॲम्प्लिफायर लागतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तिचा विश्वास बसला नव्हता, पण बसावा असं तिला फार वाटत होतं. ते बघून मला अजूनच चेव आला. मागच्याच महिन्यात भौतिकशास्त्रात मी वर्गात पहिली आले होते आणि त्यानंतर मला जगातलं सगळं समजतं असं माझं प्रामाणिक मत झालं होतं.

रस्त्याच्या टोकाला रेडिओवाले काका आहेत. रेडिओ आता कुणी दुरुस्तीला आणत नाही, ते मिक्सर आणि चार्जर दुरुस्त करतात, पण नाव चिकटलं ते चिकटलं. सुट्टीत मी त्यांच्याकडे सोल्डरिंग, म्हणजे तारा डाग देऊन जोडणं, शिकले होते. माझं बोट, त्यांचं टेबल आणि एका गिऱ्हाइकाची पिशवी एवढंच भाजलं. त्याच संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं आणि काकांनी मला एक ॲम्प्लिफायर दिला. डब्याएवढी धातूची पेटी, पुढे आवाजाची एकच फिरकी.

"इंजिनिअरीणबाई, जसा आहे तसा लावायचा," ते म्हणाले. "शहाणपणा करायचा नाही."

घरी येऊन मी पेटी उलटी केली. मागे चिठ्ठी होती: आउटपुट रोध दहा ओहम. दहा! इकडे दहा आणि तिकडे सहाशे. आम्हाला तर सरांनी शिकवलं होतं की दोन्हीकडचा रोध सारखा असला की जास्तीत जास्त शक्ती पोचते. मी तर ते सिद्धसुद्धा करून दाखवलं होतं, फळ्यावर. काका बिचारे जुन्या काळातले, त्यांना काय माहीत, असं म्हणून पेटीकडचा रोध वाढवायला मी माझ्या डब्यातून रोधक काढले. सहाशेचे नव्हते, सहाशे वीसचे होते. एक उजव्या बाजूला, एक डाव्या बाजूला, मधल्या वायरीत नीट डाग देऊन बसवले, वर काळी टेप. लावून बघितलं. माझं आवडतं गाणं असं दणाणलं की मी खोलीत दोन गिरक्या घेतल्या.

शुक्रवारी आईला म्हटलं, "घे. आता जोडी जमली."

आईने फायलीतलं एक पान ऐकलं. फिरकी टोकापर्यंत नेली. मग हेडफोन काढून ती म्हणाली, "हो. छान आहे गं."

मी एवढी खूश झाले की तिचा चेहरा बघायचं राहूनच गेलं.

शनिवारी दुपारी आई औषधाच्या दुकानात गेली होती. मला गृहपाठासाठी काहीतरी शोधायचं होतं म्हणून मी तिचा लॅपटॉप उघडला. समोर अर्धवट लिहिलेली मेल होती, मुख्य बाईंना. 'शेवटचं प्रकरण पाचच्या आत पाठवते, पण त्याची खात्री देता येत नाही. माझ्या कानांचा मलाच भरवसा राहिलेला नाही. ॲम्प्लिफायर लावूनही फरक पडला नाही, म्हणजे दोष माझ्यातच आहे. पुढच्या महिन्यापासून मला वेळापत्रकाचं काम दिलंत तरी चालेल.'

मी ते तीनदा वाचलं. 'ॲम्प्लिफायर लावूनही' वर माझे डोळे पुन्हा पुन्हा अडकत होते. आधी तिला निदान शंका होती. आता मी तिला पुरावा दिला होता.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी पेटी आणि वायर पिशवीत कोंबली आणि पळत सुटले.

काकांनी वायर हातात घेतली, काळ्या टेपवरून अंगठा फिरवला.

"मध्ये काय जोडलंस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे किती ओहम?"

"सहाशे वीस."

"का?"

"सहाशेचा मिळाला नाही."

काकांनी डोळे मिटले. "ते नाही विचारलं. घातलासच का?"

मी नियम सांगितला. एरवी मी तो खणखणीत सांगते, आज टेबलाकडे बघत सांगितला. काकांनी मला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून म्हणाले, "नियम खरा आहे. प्रश्न तू उलटा घातलास. मागचा, म्हणजे पेटीतला, रोध आपल्या हातात नसेल, तर पुढे काय जोडावं, हे तो नियम सांगतो. इथे पुढचा हेडफोन ठरलेला होता आणि तू मागचा वाढवून बसलीस. आता पेटीतून जेवढं व्होल्टेज निघतं, त्यातलं अर्धं तुझ्या त्या रोधकातच जिरतंय. उरलेलं अर्धं तुझ्या आईला. असल्या हेडफोनला व्होल्टेज लागतं. मागे दहा, पुढे सहाशे, हीच जोडी. जोडी म्हणजे सारखेपणा असतो का? मला आणि तुझ्या काकूला बघ."

"पण मी ऐकून बघितलं होतं. मस्त वाजत होतं."

"काय ऐकलंस?"

"गाणं."

"ड्रम असलेलं?"

मी मान डोलावली.

"आणि तुझी आई काय ऐकते? खुर्च्या. सुस्कारे." त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवलं. "तूच काढ. मी नाही काढणार."

पहिला डाग निघता निघेना. शेवटी दोन्ही रोधक निघाले, तारा सरळ जुळल्या. "फिरकी शून्यावर ठेवून सुरू करायचं," ते म्हणाले. "आता आवाज दुप्पट जोराने येईल. ते कान आधीच घाबरलेले आहेत."

घरी पोचले तेव्हा चार वाजायला दहा कमी होते. आई लॅपटॉपसमोर बसली होती. मेल अजून गेली नव्हती, पण पाठवण्याच्या बटणावर बाण होता.

"थांब," मी म्हटलं. "मी वाचली ती. आणि चूक माझी आहे. वायरीत मी रोधक घातले होते. काकांनी नको म्हटलं होतं तरी. म्हणून तुला ऐकू आलं नाही."

आईने बाण बटणावरून बाजूला नेला. मग म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस? छान आहे म्हणालीस."

"तू केवढ्या उड्या मारत होतीस," आई म्हणाली. "कसं सांगू?"

मी पेटी जोडली. गुरुवारी स्टुलावर चढून म्हटलं होतं तसं 'तुझे कान ठीक आहेत' हे वाक्य आता तोंडातून निघेना. कारण आताही हळूच ऐकू आलं तर? आता दोष द्यायला मध्ये काहीच उरलं नव्हतं. फक्त पेटी, हेडफोन आणि आई.

फिरकी शून्यावर. तिने हेडफोन चढवला, तळव्यांनी दाबला, डोळे मिटले. मी फिरकी केसभर फिरवली.

"पुढे," आई म्हणाली.

अजून थोडी.

"पुढे."

फिरकी अर्ध्यावर आली. बाबा दारात येऊन उभे राहिले, त्यांना काही माहीत नव्हतं, पण तेही श्वास रोखून उभे.

"पुढे," आई पुन्हा म्हणाली. मी अजून थोडी फिरवली आणि ती दचकली. तिचे तळवे हेडफोनवरून खाली आले.

"मागे घे," ती म्हणाली. "फार मोठं आहे."

बाबा म्हणाले, "काय झालं?" आणि आम्ही दोघींनी एकदमच त्यांना गप्प केलं.

प्रकरण चाळीस मिनिटांचं होतं. ती ऐकत होती आणि मी पेन्सिलीकडे बघत होते. पेन्सिल उचलली गेली. पुन्हा उचलली गेली. सकाळी तिने चार खुणा केल्या होत्या, आता अकरा झाल्या. पाचला सात कमी असताना फाईल गेली. ती मेल आईने पुसली नाही, नुसती बंद केली. ते माझ्या लक्षात आलं.

साडेपाचला मुख्य बाईंचा फोन आला. या वेळी त्या स्वतः प्रत्येक खूण तपासत होत्या. आईने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"दहा बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "पण तेविसाव्या मिनिटाला काय आहे? मी चारदा ऐकलं. तिथे काहीच नाही. चुकून खूण पडली का?"

आईचा चेहरा उतरला. न ऐकू येणं एक, आणि नसलेलं ऐकू येणं त्याहून वाईट. तिने हेडफोन चढवला, ती जागा लावली, पुन्हा लावली. मी तिच्या खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी होते.

"आहे," आई म्हणाली. "वाचणाऱ्याचं पोट गुरगुरलंय. 'तो निघाला' च्या नंतर."

आईने हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. पहिल्यांदा मला काही कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा, शब्दांच्या मागे, खूप खोल, कुणीतरी भुकेलं माणूस.

"आहे काकू," मी फोनकडे तोंड करून ओरडले. "खरंच आहे."

"पाचव्यांदाही मला काही ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. मग आईने विचारलं, अगदी सावकाश, "बाई, तुम्ही घरी कुठला हेडफोन लावता?"

"आपला स्टुडिओतलाच. काळा, जुना. सगळ्यांनी एकेक नेला होता ना."

"आणि तो कशाला जोडलाय?"

"लॅपटॉपला. का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिनेच सांगितलं, सहाशे ओहम, मोठं टेबल, पेटी, सगळं. माझ्या रोधकांचंही सांगितलं. बाईंचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, एवढा की मला त्यांचं वय विचारावंसं वाटलं.

"मी परवा कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, संपलं आता."

"वेळ मोडू नका," आई म्हणाली. "मीही घेणार आहे. मुलीचं बोलणं मला हळू वाटलं होतं, ते काही हेडफोनमधून नव्हतं. तपासून घेतलेलं बरं. आपण दोघी बरोबरच जाऊ."

मग फोनवर तळहात धरून ती मला म्हणाली, "काकांकडे असली आणखी एक पेटी असेल का, बघून येतेस?"

मी चपला शोधायला लागले.