दिराच्या तळ्यातली कोळंबी

माझ्या दिराचं तोंड दिसलं की माझं टाळकं फिरतं. नवरा गेल्यावर दोन तळी राहिली, एक माझं, एक त्याचं, मधे बांध. सासूबाईंनी ठणकावून सांगितलंय, यंदा माझी कोळंबी मेली तर माझंही तळं त्याच्याकडे जाणार. बाईला पाण्यातलं काय कळतं म्हणे! मी रोज पहाटे पाण्यातला ऑक्सिजन मोजते, खारटपणा मोजते, पाण्यात सोडलेलं खाद्याचं ताट वर काढून किती उरलं ते बघते. हा बाबा दहाला उठतो.

पिल्लं सोडल्यापासून सत्तराव्या दिवशी त्याच्या काठावर मेलेली कोळंबी टिपायला कावळे जमले. मी बांधावरून ओरडले, "भाऊजी, रोग आलाय तुमच्या तळ्यात! ब्लिचिंग पावडर टाकून जंतू मारल्याशिवाय पाणी बाहेर सोडू नका."

"वहिनी, तुम्ही तुमचं बघा. माझी कोळंबी ठणठणीत आहे."

धडधडीत खोटं! मी लगेच माझ्या तळ्यात पाणी घ्यायचा दरवाजा बंद केला, फटींत चिखल ठासला. पण सासूबाईंना पुरावा हवा. दुपारी तो बाहेर गेला तशी त्याच्या तळ्यातल्या सहा कोळंब्या काढल्या आणि प्रयोगशाळेत तपासायला दिल्या. अहवाल आला, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. सासूबाईंसमोर आपटला तो कागद. दिराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. असा जीव थंड झाला माझा!

आठवड्याभरात माझ्या ताटात खाद्य तसंच उरलं. काठाला मेलेल्या कोळंब्या, कवचावर ठिपके. मी तिथेच चिखलात बसून रडले, आणि मग बांधावर जाऊन त्याला शिव्या घातल्या. "मेल्या, तुझ्या घाणेरड्या पाण्यानं वाटोळं केलंस माझं!"

आरडाओरडा ऐकून सासूबाई आल्या. नमुना घ्यायला प्रयोगशाळेतला माणूसही आला. त्यानं दरवाजा पाहिला. "इथून पाणी आलेलं नाही. बाहेरचं काही तळ्यात गेलं का? बादली, जाळं?"

"काहीसुद्धा नाही," मी म्हणाले.

दीर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "वहिनी, माझ्या कोळंब्या तुम्ही कशानं काढल्यात?"

माझ्याच जाळ्यानं. आणि परत आल्यावर, माझी कोळंबी बरी आहे ना ते बघायला, तेच ओलं जाळं माझ्या तळ्यात फेकलं होतं. ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवायचं राहिलं. घाई होती ना मला, त्याला तोंडावर पाडायची!

सासूबाईंनी हात पुढे केला. मी माझ्या तळ्याच्या पंपाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.