पाचवी तार

"मँडोलिनला पाचवी तार कशाला? चार सुरांची वाद्यं बनवण्यात माझा जन्म गेला," बाबा फणकारले. मी नव्या तारेचं वेटोळं सोडवत राहिले. सगळ्यात बारीक तार त्यांना हल्ली ऐकूच येत नव्हती, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. पण वाघाच्या जबड्यात हात घालणार कोण? तारा जुळवताना ते कोणाला हात लावू देत नसत, आणि गिऱ्हाईक बेसूर वाद्य परत घेऊन आलं की डाफरत मात्र माझ्यावर.

म्हणून हे इलेक्ट्रिक मँडोलिन मी त्यांच्यासाठीच आखलं. मान जरा लांब, आणि नेहमीच्या तारांच्या जोडीला एक जाड, खर्जातली तार. ती चढवली, वायर स्पीकरला जोडली आणि वाद्य त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"प्लगवालं खेळणं!" म्हणत त्यांनी जाड तार छेडली. टेबलावरचे स्क्रू थरथरले. बाबांनी डोळे मिटले, खुंटी किंचित पिळली, पुन्हा छेडली. चेहराच उजळला त्यांचा.

मग त्यांचं बोट बारीक तारेवर गेलं आणि तिथेच थांबलं. थोड्या वेळाने त्यांनी वाद्य माझ्याकडे वळवलं.

"ही तू जुळव. जाड ती माझी."