माझा खिळा आणि कारभाऱ्याचा गुडघा

"काय मेला बाक हाय! गुडघा सोलून निघाला माजा," ऐन प्रार्थनेत बनुबाई पुटपुटली.

मित्रांनो, तो मेला बाक म्हणजे मी. राहुरीच्या बाजूला एका खेड्यात छोटे चर्च आहे, तिथला मी एक जुना बाक आहे. बसायला वर रुंद फळी, गुडघे टेकायला खाली अरुंद. मला गावातल्या भीमा सुताराने बाभळीच्या लाकडातून घडवले. रंधा मारून झाला की तो माझ्यावरून तळहात फिरवायचा. "लेकरांच्या गुडघ्याला लागाय नगं," असे म्हणून पुन्हा रंधा घ्यायचा. नाताळात लोक माझे कौतुक करायचे. माझे खिळे ढिले झाले की भीमाच येऊन ठोकायचा.

मग बाहात्तरचा दुष्काळ आला. चर्चच्या दारासमोरच्या विहिरीत टँकरने पाणी ओतायचे आणि बायांनी ते रहाटाने शेंदायचे. रहाटही भीमानेच केलेला. एके दुपारी कारभारी नावाच्या मुकादमाने रस्त्याच्या कामावर पाणी न्यायला रहाटाला घागरीऐवजी लोखंडी पिंप बांधले. रहाट कडाडून मोडला. मी उघड्या दारातून पाहिले. पाण्याला आलेल्या बायांनीही पाहिले.

"भीमानं किडकं लाकूड घातलं," कारभारी म्हणाला. दुष्काळी कामावर कुणाला घ्यायचे ते त्याच्या हातात. कुणी तोंड उघडले नाही. त्यानंतर भीमाला कुणी साधी खाटसुद्धा दुरुस्तीला देईना. तो नगरला ट्रकच्या बॉड्या बांधायला गेला. "गाव खरं बोलंल, तवाच यीन," एवढे त्याने बायकोला, लंकाबाईला, सांगितले.

मी पडलो लाकूड, मला कुठली वाचा! पण त्या उन्हात मी वाळलो, आकसलो आणि खालच्या फळीतला एक खिळा डोके वर काढू लागला. ठोकणारा नगरला. कारभाऱ्याची जागा नेमकी तिथेच. खरे सांगतो, मला फार बरे वाटले. दर रविवारी तो गुडघे टेकायचा आणि दर रविवारी मी त्याला गाठायचो.

लंकाबाईचा सूड मात्र माझ्या खिळ्याहून टोकदार निघाला. त्या सुमाराला पश्चात्तापाच्या प्रार्थनेत नवे शब्द आले होते. विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केले हे तर लोकांना तोंडपाठ. त्यापुढे आता 'आणि जे करायला हवे होते ते न करून' असेही म्हणायचे होते. पण जुनी सवय! 'कृतीने' आले की सगळे धपाधप छातीवर मूठ मारायचे, 'माझा अपराध, माझा अपराध' म्हणायचे आणि नवे शब्द त्यात बुडून जायचे.

लंकाबाई ते बुडू देईना. सगळे गप झाले की ती एकटी, कारभाऱ्याच्या पाठीकडे बघत, सावकाश म्हणायची, "आणि जे करायला हवे होते, ते न करून." फादर थांबायचे. कारभाऱ्याचे कान तापायचे. मी खूश!

"आटप की लंके, घरी भाकरी थापायच्यात," बनुबाई एकदा करवादली.

"देवाला घाई न्हाई मावशे, तुलाच का?"

मित्रांनो, लाकडाला वेळेवर एक ठोका पुरतो. तो कुणी दिला असता तर माझा खिळा एवढा वर आला नसता. वस्तूंची आणि वस्तू करणाऱ्यांची कदर ठेवा. कारण वर आलेला खिळा माणूस निवडत नाही.

बनुबाई पुटपुटली, त्या रविवारी कारभारी वैतागून मागे जाऊन बसला आणि त्याच्या जागी आली ती. खिळा तिला लागला. मी चपापलो. तिच्यावर माझा राग नव्हता. लोकांनी छाती बडवली, सगळे शांत झाले आणि मागून लंकाबाईचा आवाज आला, "ते न करून."

बनुबाईची मूठ छातीशीच राहिली. गुडघा धरून ती उठली.

"फादर, थांबा. पिंप कारभाऱ्यानं बांधलं हुतं. मी घागर घिऊन तितंच उभी हुते, आन मी गप बसले."