तांबडा कोट

"अंगाला लावलेला कोट दुकानात परत देतात व्हय गं माणसं?" चिमणाबाईंनी मिरचीचं देठ मोडून बाजूला फेकलं. "माझ्या सुनंनं, अनुजानं दिला. इंग्लंडात. मी शेजारी हुबी. लाजंनं मान वर करवंना."

शेजारची सलिमा समोर बसून मिरच्या निवडत होती. वर्षाचा मसाला दोघी एकत्रच करायच्या. कोटाची गोष्ट तिनं आधीही ऐकली होती. गिरणीत, दूध डेअरीवर, सगळ्या गल्लीनं ऐकली होती.

"तांबडा, लोकरीचा. माझ्या लेकानं, विश्वजितनं तिच्या वाढदिवसाला हौसेनं आणलेला. आरशापुढं गिरक्या मारल्या बाईनं. आन् आठवडा झाला न्हाई तर परत! मला म्हणती, 'आई, हितं चालतं. पावती असली की पैसे मिळतात.' महाद्वार रोडला असं लुगडं परत न्हेऊन बघ म्हणावं."

"तवाच तुमचा भाऊ आजारी पडलेला न्हवं, चिमणाक्का?"

"त्याच दिवशी सकाळी बिद्रीवरनं फोन आला." चिमणाबाईंचा आवाज खाली आला. "माझं परतीचं तिकीट एप्रिलातलं. अनुजाला म्हटलं, इमानाच्या कंपनीला सांग, केरबादादा हातरुणाला खिळलाय. तिनं सांगितलं आन् दुसऱ्या दिवशी बसवलं की मला. पैसा घेतला न्हाई. तेवढी माणुसकी हाय त्यांच्यात." त्यांनी मनगटानं पदर सावरला. "दादा माझ्या हातनं पेज पिऊन गेला."

सलिमाचे हात थांबले. तिचा मुजम्मिल दुबईत कामाला होता.

"मुजम्मिल त्याच्या अब्बाच्या मयतीला आला तवा जुनं तिकीट वाया गेलं, अक्का," ती बेतानं म्हणाली. "नवं काढाय लागलं. ऐनवेळचं लय महाग पडतं. कंपनी कुणाचं रडं ऐकत न्हाई."

चिमणाबाई देठ मोडलेल्या मिरचीचं देठ पुन्हा चाचपत राहिल्या. कोट परत द्यायला त्या आणि अनुजा फोन आला त्याच दिवशी दुपारी गेल्या होत्या. काउंटरवरच्या पोरीला अनुजा काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती. त्यातलं 'टुडे, टुडे' एवढंच चिमणाबाईंना कळलं होतं.

फोन वाजला. पडद्यावर अनुजा. बसस्टॉपवर उभी, मागं सगळं पांढरं. अंगात गळ्याशी चेन न लागणारं जुनं जॅकेट, डोक्यावरून गुंडाळलेली ओढणी.

"आई, मिरच्या आणल्या का?"

"थंडी हाय तिथं?"

"छे! ऊन पडलंय आज."

बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

सलिमा पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली. चिमणाबाईंनी डोळ्याकडं हात नेला आणि मिरचीचा आहे हे आठवून तसाच खाली घेतला.

"माझं तिकीट कंपनीनं फुकट बदललं म्हणालीस न्हवं?"

पलीकडं बस येऊन थांबली. अनुजा चढली नाही.

"हो, आई."

बस निघून गेली.

"लबाड हाईस तू, अनुजा." चिमणाबाई गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. "लय लबाड. आन् ती लबाडी बी धड जमत न्हाई तुला. जा, दुसरी बस येईस्तोवर कुठंतरी आत जाऊन हुबी ऱ्हा."